रडायला जागा

चैत्र लागला की माझी मान आपोआप खाली जाते. सून विचारते, "आई, काही पडलं का?" काही पडलेलं नसतं. गोंदियाच्या बाजारात मोहफुलांची पोती उतरू लागतात, तो गोड, किंचित आंबलेला, डोकं जड करणारा वास आमच्या गल्लीपर्यंत येतो आणि माझे डोळे जमिनीवर फुलं शोधायला लागतात. इतकी वर्षं डांबरी रस्त्याच्या गावात राहूनही ही खोड गेली नाही. जायची लक्षणंही दिसत नाहीत.

परवा नातीची एक मैत्रीण घरी आली. हातात छोटा टेपरेकॉर्डर, खांद्याला झोळी. किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यावर गुणात्मक संशोधन करते म्हणाली. मी म्हटलं, "म्हणजे दिवसभर काय करतेस, ते सोप्या मराठीत सांग." ती हसली. "मुलांशी बोलते, आजी. त्यांना काय वाटतं ते त्यांच्याच शब्दांत समजून घेते. आकडे मोजत नाही." मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटलं, बाळ, हे काम मी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोहाच्या झाडाखाली केलंय, फक्त एवढं लांबलचक नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने लगेच बटण दाबलं. पण यंत्र मधे आलं की माणूस शहाण्यासारखं बोलतं. मीही तशीच बोलले. राहिलेलं इथे लिहिते आहे.

तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता. मी नागपूरला शिक्षिकेचं ट्रेनिंग संपवून सालेकशाच्या पलीकडे, कचारगडच्या डोंगराच्या अलीकडे, एका जंगलकडेच्या गावात शाळेवर लागले होते. लग्न व्हायचं होतं, त्यामुळे गावाला मुलांच्या अभ्यासापेक्षा माझीच काळजी जास्त. ट्रेनिंग कॉलेजातल्या आमच्या मोठ्या बाईंना एक ध्यास होता. मुलांच्या पाटीवर काय आहे ते सगळे बघतात, मनात काय आहे ते कोणी बघत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांनी आम्हा जुन्या विद्यार्थिनींना कामाला लावलं. गावच्या मुलांशी बोला. भीती कशाची वाटते, वाईट वाटलं की कुठे जातोस, कोणाला सांगतोस, एवढंच विचारा. मुलाचं वाक्य सुधारायचं नाही. आणि मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, मग तो दुसरा कोणीही असो. ही शेवटची अट ऐकताना फार सोपी वाटली होती.

मी जात्याच हट्टी. आई म्हणायची, हिला खुंट्याला बांधलं तर खुंटा उपटून चालायला लागेल. त्याच हट्टाने मी सुरुवात केली. शाळेच्या ओट्यावर एकेका मुलाला समोर बसवायचं आणि विचारायचं. भीती कशाची वाटते? मूल पायाच्या अंगठ्याने माती उकरायचं. "कायचीच नाई." वाईट वाटतं का कधी? "नाई." झोप येते का? "हव." पालथ्या घड्यावर पाणी! एक पोरगा बोलता बोलता मुसमुसायला लागला तेव्हा मी कुणीही विचारेल तसं विचारलं, "काऊन रडतोस रे?" तो जो उठून पळाला तो थेट तळ्याकडे. त्याची धाकटी बहीण दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाई, घरी कोनी काऊन मनलं का मंग मार बसते."

खरंच होतं. काऊन म्हणजे आमच्याकडचा 'का'. काऊन उशीर केला, काऊन सांडवलं, काऊन तोंड पाडून बसली. मोठ्या माणसांना त्या प्रश्नाचं उत्तर नको असतं, समोरच्याची मान खाली गेलेली हवी असते. मी स्वतः लहानपणी हा प्रश्न हजारदा ऐकला असेल आणि प्रत्येक वेळी "असंच" म्हणून सुटका करून घेतली असेल. मी ठरवलं, हंगामभर हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

मग मोह गळायला लागला आणि माझा ओटा ओस पडला. पहाटे सगळी पोरं झाडाखाली. मीही गेले, करते काय!

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. चैत्रात मोहाच्या झाडावर पान नसतं, नुसते फुलांचे घोस असतात. झाडाखालचा पालापाचोळा लोक आधीच जाळून घेतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळट पांढरी, रसाने टचटचीत फुलं लांबूनही दिसतात. झुंजूमुंजू व्हायच्या सुमाराला ती टपटप गळू लागतात. एकेक झाड एकेका घराचं. आजोबांपासून ठरलेलं असतं, त्याला कागद लागत नाही. दुसऱ्याच्या झाडाखाली गेलात तर वेचलेलं त्याच्याच टोपलीत टाकायचं, हा रिवाज. अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून पोरं मधूनच आरोळी ठोकतात. बाकी सगळं शांत. आणि सगळ्यांचे डोळे जमिनीवर. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.

तिथे मुलं बोलायला लागली. मी विचारण्याआधीच बोलायला लागली. हात चालू असले की तोंड चालू राहतं, हात थांबले की बोलणंही थांबतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. म्हणून मी कधी हात थांबवला नाही. बायका थट्टा करायच्या, "मास्तरीणबाई, उद्या आमच्या झाडाखाली या जी, आमचंबी पोट्टं लई दुःखी आहे!" आणि हसत सुटायच्या. फुकटची मजूर कोणाला नको असते? मी त्यांना म्हणायचे, येते, पण भाकरी तुमची. भाकरीबरोबर उकडलेल्या मोहाचा गोळा मिळायचा. दुपारपर्यंत डोकं गरगरायचं.

काय काय ऐकलं त्या हंगामात! एका मुलाचा बाप युद्धाच्या भरतीत गेला होता. मुलाला बाप मरण्याची भीती नव्हती. परत आल्यावर आपण त्याला ओळखणार नाही, ही होती. एक चिमुरडी म्हणाली, तिला सगळ्यांत जास्त भीती माय हसते तेव्हा वाटते, कारण नंतर ती बराच वेळ बोलत नाही. एक जण सगळं वासराला सांगायचा आणि वासरू विकलं गेल्यापासून कोणालाच सांगत नव्हता. वाईट वाटलं की कुठे जातोस, या प्रश्नाला एका मुलाने जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. "चुलीपाशी जातो. धूर डोऱ्यात जाते. मंग कोनी इचारत नाई, काऊन रडून राहिला." मी त्याच्या टोपलीत ओंजळ टाकली आणि पुढे सरकले. त्या दिवशी मला धूर नसतानाही डोळे पुसावे लागले.

आणि कौतिका.

कौतिका बारा-तेरा वर्षांची. अंगाने काटक, वेचण्यात सगळ्यांत चलाख. तिचं लग्न अगदी लहानपणी झालेलं, नवरा कसा दिसतो तेही तिला आठवत नव्हतं. आता ती मोठी झाली म्हणून अक्षयतृतीयेच्या आत तिला सासरी पाठवायचं ठरलं होतं. आणि सासरचं माणूस न्यायला आलं की कौतिकाच्या अंगात यायचं. डोळे फिरायचे, दात खिळायचे, भलत्याच आवाजात ओरडून ती जमिनीवर पडायची. न्यायला आलेले आल्या पावली परत. गावात बोलणं सुरू झालं की हिला बाहेरचं लागलंय. तिचा बाप बिसन कष्टाळू, अबोल माणूस. त्याची झोप उडाली होती. झाडफूक करणाऱ्या जाणत्याला त्याने आमंत्रण धाडलं होतं. जाणत्याचा उपाय गावाला माहीत होता. विळा तापवून कपाळावर डाग.

मी तिच्या झाडाखाली वेचत होते. तिनेच सुरुवात केली.

"बाई, पयल्या बारीले खरंच आलं होतं जी. डोऱ्यापुढं अंधार आला, मी पडली. उठली त सासरा चालला गेला होता." थोडा वेळ नुसती फुलं पडली. "मंग दुसऱ्या बारीले मीच आनलं."

मी म्हटलं, "हं. मग?"

"मंग तिसऱ्या बारीले मी आनाच्या आधीच आलं." तिचा हात भराभर चालत होता. "आता मले समजत नाई बाई, कोनतं मी आनते अन् कोनतं आपलं येते. भेव लागते."

मी वाकलेलीच राहिले. ती पुढे म्हणाली, "मोठ्या बाबाची पोट्टी रखमा त्याच गावात देली होती. ती आली नाई, तिची खबर आली. मराचं भेव नाई लागत मले. इथं चूल आहे, तळं आहे, हे झाड आहे. तिथं रडाचं कुठं, ते मले मालूम नाई."

त्यानंतर ती एकदम ताठ झाली. "कोनाले सांगाल नोका. मायलेबी नाई."

मी शब्द दिला.

त्या झोळीवाल्या मुलीला मी परवा विचारलं, की असं कोणी सांगितलं तर तू काय करतेस? तिने बरंच सांगितलं, संमती, गोपनीयता, वरिष्ठांचा सल्ला. चांगली व्यवस्था आहे, मला हेवा वाटला. माझे वरिष्ठ नागपूरला होते आणि पत्र पोचायच्या आत विळा तापणार होता. बोलले तर गाव म्हणणार, नाटकं करते, आणि तिला झोडपून सासरी पाठवणार. शिवाय ते खोटंच झालं असतं, कारण नाटक कुठे संपतं ते तिलाच समजत नव्हतं. नाही बोलले तर डाग. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, हातात टोपली घेऊन.

बिसन दुसऱ्याच दिवशी शाळेच्या ओट्याशी आला. उभाच राहिला.

"बाई, पोट्टी तुमच्यासंगं बोलते मनतेत. काय मनते, सांगा."

"ते मला सांगता येणार नाही."

"मी बाप आहो तिचा."

"म्हणूनच तुम्ही तिलाच विचारा."

"इचारलं. काऊन करतेस मनलं, त मुकी झाली." तो ओट्याच्या कडेला टेकला. "मले का हौस आहे का बाई, पोरीच्या कपाळावर डाग देवाची? पन घरात पोट्टी अशी पडते त माह्या छातीत धडकी भरते. तुमी सांगत नाई, ती सांगत नाई, मंग जानता सांगन ते करीन."

तो वाईट नव्हता. हे मी आजही छातीठोक सांगेन. मी म्हटलं, "बाजाराच्या दिवसापर्यंत थांबा. एवढं माझं ऐका." तो निघून गेला. त्याने नाही म्हटलं नाही, एवढंच मी धरून बसले.

मी ठरवलं होतं. डाग होऊ द्यायचा नाही आणि शब्दही मोडायचा नाही. दोन्हीतलं एक सोड, असं मला कोणी म्हटलं असतं तर मी त्याला ओट्यावरून ढकललं असतं. दुसऱ्या दिवशी मी कौतिकाला विचारलं, "आईला तू स्वतः सांगशील?"

"माय ऐकत नाई. माय इचारते."

मग माझा मोर्चा तिच्या आईकडे वळला. सगुणा अंगणात मोह वाळत घालत होती. मोठी फटकळ बाई, गावात तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. मी म्हटलं, "सगुणाताई, उद्या पोरीबरोबर झाडाखाली जा. तिच्याकडे बघू नका. काऊन म्हणू नका. ती बोलली तर हं म्हणा. नाही बोलली तर वेचत राहा."

तिने कंबरेवर हात ठेवले. "मी माय आहो तिची. तुमी मले शिकवाले आल्या?"

"हो."

"तुमाले लेकरू ना बाकरू, लगनाचा पत्ता नाई!"

"म्हणूनच मला वेळ आहे," मी म्हटलं. ती हसली नाही, पण हातातलं सूप खाली ठेवलं.

पहिल्या पहाटे फजिती झाली. मी लांबच्या झाडाखाली होते, तरी सगुणाचं "अवो, पन काऊन?" मला तिथवर ऐकू आलं. कौतिका टोपली उचलून दुसरीकडे गेली. सगुणा माझ्यावरच उखडली. "होत नाई माह्याच्यानं. जीभ आपली जाते." मी म्हटलं, जिभेला काम द्या. दुसऱ्या पहाटे तिने एक टपोरं फूल गालात धरलं, लहान मुलं गोळी धरतात तसं, आणि मायलेकी शेजारी शेजारी वाकून वेचू लागल्या. मी पार नाल्यापलीकडे गेले, एक शब्दही कानावर पडू नये म्हणून. मला फक्त दोघींच्या पाठी दिसत होत्या. ऊन वर चढलं. बाकीच्या बाया टोपल्या घेऊन घरी गेल्या. मायलेकींच्या झाडाखाली अर्धी फुलं तशीच होती, आणि सगुणासारख्या बाईने फुलं तशीच टाकावीत हे त्या गावात कोणी कधी पाहिलं नव्हतं. एकदा तिने पदर तोंडाला लावला. कौतिका काय बोलली, सगळं की थोडं, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

हे मी आज लिहिते ते कौतिकाला विचारून. नावं बदलली आहेत. ती म्हातारी होऊन दात पडल्यावर एकदा दवाखान्याच्या निमित्ताने गोंदियाला आली, माझ्याकडे उतरली. "आता लिव्हा बाई," म्हणाली, "आता मले कोनाचं भेव. मायनंबी जाताना सांगतलं, माह्यंबी लिव्हू द्या." नागपूरला पाठवलेल्या कागदांत मी तिचं काहीच लिहिलं नव्हतं. मोठ्या बाईंनी विचारलं, की तुमच्या भागात अंगात येणाऱ्या मुली असतात असं ऐकते, तुमच्याकडे एकही कशी नाही? मी म्हटलं, एक आहे, पण तिने परवानगी दिलेली नाही. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा शेरा आहे असं मी मानते.

बाजाराच्या दिवशी जाणता आला. पांढरं धोतर, गळ्यात माळा, चेहरा गंभीर. अंगणात माणसं जमली. एका बाजूला मोह वाळत पडलेला, त्याच्या वासाने माश्या घोंघावत होत्या. चुलीत विळा होता. कौतिका भिंतीशी बसली होती, गुडघ्यांभोवती हात आवळून. मी फाटकात उभी राहिले. गरज पडली तर चुलीच्या आणि पोरीच्या मधे जाऊन बसायचं आणि उठायचं नाही, असं मी ठरवून गेले होते.

बिसनने पोरीला हाक मारली. तेवढ्यात सगुणा आतून आली.

"माह्या पोरीनं मले सांगतलं," ती म्हणाली.

बिसन म्हणाला, "का सांगतलं?"

"ते माह्यापाशी राहीन."

"अवो, पन जानता इथं बसला आहे, पाच मानसं बसली आहेत..."

"बसू द्या. चहा करते." तिने चुलीकडे बोट दाखवलं. "तो इळा काढा बाहेर. मले भाजी कापाची आहे."

कोणीतरी खुदकन हसलं. जाणत्याने एकदा सगुणाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि माळेवरून हात फिरवत म्हणाला, "मायच्या कानात पडलं का, मंग माह्यं काम नाई." शहाणा माणूस. आपला मान राखून त्याने सुपभर तांदूळ घेतले आणि बाजाराच्या वाटेला लागला. सगुणाने तिथेच नवऱ्याला ऐकवलं, की पोट्टी यंदा जात नाही, जावयाला इकडे बोलवा, दोन-चार दिवस राहू द्या, तिला त्याचं तोंड तरी ओळखू द्या, पुढचं पुढच्या साली. बिसनने स्वतःच्या हाताने विळा बाहेर काढला आणि पाण्यात बुडवला. वाफेचा केवढा तरी आवाज झाला.

अंगात येणं लगेच थांबलं नाही. त्या पावसाळ्यातही एकदा-दोनदा ती पडली. सगुणा शेजारी बसून राही, बस. कौतिका पुढे सासरी गेली, स्वतःच्या पायाने. तिथे तिने परसात, भिंतीच्या आडोशाला, लिंबाचं झाड लावून घेतलं. ते झाड कशासाठी, हे तिने सासूला सांगितलं नाही. मला सांगितलं.

पण मला त्या हंगामातली खरी आठवण आहे ती विळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. मोह संपत आला होता, फुलं विरळ झाली होती. मी कोणाच्या झाडाखाली होते ते आता आठवत नाही. सगुणा आली आणि न बोलावता माझ्या शेजारी वाकून वेचायला लागली. बराच वेळ काही बोलली नाही. तिच्यासारख्या बाईला ते सोपं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या त्या कागदावर मोठ्या बायांचं लिव्हतेत का?"

"नाही," मी म्हटलं. "फक्त मुलांचं."

"मंग लिव्हू नोका." तिने एक फूल उचललं, पुसलं, पण टोपलीत टाकलं नाही. "मी कौतिकाहून लहान होती. मलेबी येत होतं अंगात. मले डाग देला होता."

तिने कपाळावरचा पदर मागे सारला. इतके महिने मी त्या बाईला रोज पाहत होते आणि तिचा पदर भुवयांपर्यंत कसा असतो याचा मी कधी विचार केला नव्हता. मी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग मान खाली घातली, टोपली दोघींच्या मधे ओढली आणि म्हटलं, "हं. मग?"